पाटीला हात

चंद्रभाननं पँटीवरूनच बायकोची, पुष्पलताची, हिरवी साडी गुंडाळली, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही तळव्यांवर लाकडी तलवार आडवी धरून तो आपल्या मुलीसमोर उभा राहिला.

"हे बघ, चारू. तलवार द्यायची म्हणजे ताटात भाकरी वाढायची नाय. आदी छातीशी धरायची. मंग एक पाऊल पुढं. मंग मान वर. आणि मंग बोलायचं."

त्यानं तलवार छातीशी धरली, पाऊल पुढं टाकलं, मान वर केली.

"टेक गुडघे, बाळा! सोळा वर्षं हे पातं मी माझ्या आसवांनी धुतलं. घे ते, आणि तुझ्या बापाच्या वैऱ्याचं नाव ऐक!"

'ऐक' म्हणताना आवाज फाटला. गेल्या हिवाळ्यात पालघरला घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. डॉक्टरांनी गाठ काढली, ती साधी निघाली, देवीला नारळ फोडून झाला; पण त्या गाठीबरोबर राजमातेचा आवाज गेला तो गेलाच. एकतीस वर्षं सातपाटीच्या तलवारीच्या नाटकात चंद्रभान आई झाला होता. होडीचा म्होरक्या म्हणून किनाऱ्यावर लोक त्याला तांडेल म्हणायच्या आधी राजमाता म्हणत, आणि तोही खुशाल वळून बघे. आता मात्र राजमाता बोलायला लागली की पडद्यामागून सेनापतीच बोलतोय असं वाटे. म्हणून यंदा पहिल्यांदाच ती भूमिका खऱ्याखुऱ्या बाईकडे गेली होती. ही बाई म्हणजे त्याचीच थोरली मुलगी चारुता, बोईसरला औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करणारी.

मासेमारी बंदीचे दिवस होते. होड्या वर ओढून निळ्या प्लास्टिकखाली झाकल्या होत्या, आणि रविवारी दुपारी जाळ्यांच्या शेडमध्ये तालीम चालायची. दिनानाथ मास्तर खुर्चीवर वही उघडून बसत. नाटक त्यांच्या वडिलांनी लिहिलेलं. त्याला एक भारदस्त नाव होतं, पण ते वहीच्या पुठ्ठ्यावरच राहिलं. गाव त्याला तलवारीचं नाटक म्हणे. बंदी उठायच्या आदल्या रविवारी ते व्हायचं, आणि पाच मढी पडल्याशिवाय पडदा पडत नसे.

"चल, रामा," मास्तर म्हणाले.

रामानं 'आई गं' करत गुडघे टेकले. तो राजपुत्र. वय वर्षं चोपन्न, टकलावर कुरळ्या केसांचा टोप. तरुण पोरांना नाटकाऐवजी ऑर्केस्ट्रा हवा होता, त्यामुळे सोळा वर्षांचा राजपुत्र बदलायचं काही जमत नव्हतं. रामा आणि चंद्रभान यांची होडी एक, जाळी एक, आणि सुखदुःखही बहुतेक एकच. लहानपणापासून दोघांचं असं की एकाला ठेच लागली तर दुसऱ्यानं 'अयाई' म्हणावं.

चारुतानं तलवार धरली, पाऊल टाकलं, वाक्यं म्हटली. एक शब्दही चुकला नाही, आणि तरीही ती औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचत असावी असं वाटलं. तिलाही ते कळलं. तिनं तलवार खाली घेतली.

"मास्तर, एक विचारू? ह्या बाईचं नाव काय?"

"राजमाता."

"ते झालं तिचं काम. नाव काय?"

मास्तरांनी उगाच एक पान उलटलं. "नाटकात सगळ्यांना नाव नसतं, चारुता."

"घोड्याला हाय."

रामा गुडघ्यावर बसल्या बसल्या हसला. घोड्याला खरंच नाव होतं, पवनवेग, आणि त्याच्यावर एक पदही होतं.

"नाटकात बायका तीन," चारुता म्हणाली. "एक वेडी होऊन विहिरीत जाते. एक दुसऱ्याचं विष चुकून पिते. आणि तिसरी पोटच्या पोराला मरायला धाडते. बरं, सोळा वर्षं ही करत काय होती? नुसतं पातं धूत होती? ह्याला जेवू कोणी घातलं? हा तापानं फणफणला तेव्हा उशाशी कोण बसलं? एवढं करून मोठा केला, तो तलवार द्यायला?"

"ते नाटकात येत नाही," मास्तर म्हणाले.

"का नाय येत?"

"बाबांनी नाही लिहिलं म्हणून. आणि वहीतलं अक्षर इकडचं तिकडं होणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो."

चंद्रभानला ते लागलं. मास्तरांचं नाही, पोरीचं. "माझ्या वेळी बायका पदर डोळ्याला लावायच्या," तो साडी सोडत म्हणाला. "कुणी असलं विचारलं नाय."

"तुमी चांगलंच करायचात, बाबा. मलाच जमत नाय," चारुता मऊ आवाजात म्हणाली. "मी आजीला विचारते. आजोबा गेले तेव्हा तुमी नऊ वर्षांचे होतात. तिला ठाऊक असंल, अशा बाईला काय वाटतं ते."

साडीची घडी घालता घालता चंद्रभानचे हात जरासे थबकले.

त्याची आई, रखमा, दरवर्षी नाटकाला यायची. पहिल्या रांगेत, मासळीचा क्रेट उपडा घालून त्यावर बसायची, आणि शेजारच्या क्रेटवर पारू, रामाची आई. रखमा सगळं नाटक बघायची, पण एक जागा सोडून. 'वैऱ्याचं नाव ऐक' हे वाक्य आलं की ती उठायची आणि पाणी प्यायला बाहेर जायची. एकतीस वर्षांत एकदाही चुकली नाही. चंद्रभानला रंगमंचावरून ती पाठमोरी दिसायची. सुरुवातीला त्याला वाटलं, पोरगा साडी नेसून उभा राहतो त्याची तिला लाज वाटत असेल. पुढं वाटलं, तिला बापाची आठवण येत असेल. विचारलं मात्र कधी नाही. गावातल्या बायका त्याच्यासाठी रडल्या, पालघरहून आलेल्या पाहुण्यांनी हातात हात घेतला, पण ज्या एका बाईनं 'बरं केलंस रे' म्हणावं असं त्याला वाटत होतं, ती नेमकी तेव्हाच पाण्याच्या पिंपाशी असायची. आता तर भूमिकाच हातची गेली होती.

घरी ओटीवर रखमा सुपात सुका जवळा निवडत बसली होती. पंच्याहत्तरी ओलांडली तरी तिची बोटं जवळ्यातली काडी बरोबर टिपत. चंद्रभान दारात बसून जुन्या जाळ्याची भोकं शिवायला लागला. पुष्पलतानं चहा आणला आणि आल्या आल्या साडीची घडी उलगडून बघितली.

"लग्नातली साडी ही. मी नेसले एकदा, ह्यांनी नेसली एकतीसदा," ती म्हणाली. "आता पोरगी नेसंल. माझ्या वाटणीला नुसतं धुणं."

चारुता वही घेऊन आजीच्या पायाशी बसली. मास्तरांनी वही घरी न्यायला दिली होती, ती दहादा बजावून.

"आजी, खरं सांग. तलवार देताना तू उठून का जाते?"

"तहान लागते."

"दरवर्षी तितंच?"

"लागते एखाद्याला."

पुष्पलता हसत आत गेली. चारुता हसली नाही. तिनं सुपात हात घातला आणि आजीबरोबर निवडायला लागली.

"मला ते वाक्य बोलताच येत नाय," ती म्हणाली. "खोटं वाटतं."

"खोटंच हाय ते."

चंद्रभानची सुई जाळ्यात तशीच राहिली. त्यानं मान वर केली नाही.

"पोराला नाव सांगते ती," रखमा म्हणाली. "आई असून. नाव सांगायचं नसतं."

"कुणाचं?"

रखमानं सूप एकदा पाखडलं. फोलपटं उडाली. मग ती इतक्या साध्या आवाजात बोलायला लागली की कुणाला वाटावं, पापलेटाचा भाव सांगतेय.

"तुझा आजोबा पाय घसरून गेला असं सगळे सांगतात. पाय घसरलाच. पण पाय घसरला म्हणून माणूस मरत नाय. पोहायला येत होतं त्याला. होडी जाळ्याला बांधलेली, पाण्याला ओढ. दोर कापला असता तर होडी फिरवून त्याला घेतला असता. खलाशी ओरडत होते, दोर कापा, दोर कापा. तांडेल बोलला, थांबा, आदी जाळं वर घेऊ. नवं जाळं होतं. जाळं वर येईस्तोवर माणूस दिसंनासा झाला. तिसऱ्या दिवशी दातिवऱ्याच्या किनाऱ्याला लागला."

"तुला कोणी सांगितलं?"

"दांडी गावचा एक खलाशी होता होडीवर. अकराव्या दिवशी आला, तिकडं मागच्या दारी बसून रडला नि सांगून गेला. तो पण आता नाय."

"आणि तू बाबांना..."

"नऊ वर्षांचा होता. रोज विचारायचा, आये, बाबा कसा गेला? मी बोलायचे, पाय घसरला. मोठा झाला, मिशी फुटली, तवा पण विचारलं एकदा. मी बोलले, पाय घसरला. नाव सांगितलं असतं तर काय केलं असतं यानं? कोयता काय, घरोघरी असतो. एक गेला पाण्यात, दुसरा गेला असता तुरुंगात. मी कुणासाठी मासळी विकायची मंग?"

चारुतानं आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राग नाय आला तुला?"

"आला तर. महिनाभर जेवण गेलं नाय. वाटायचं, जावं नि त्याच्या घराला काडी लावावी." रखमानं सुपातली एक काडी टिपून बाहेर टाकली. "मंग एक दिवस बाजाराला निघाले. जायलाच हवं होतं, घरात काय नव्हतं. मासळीची पाटी भरली. भरलेली पाटी एकटीच्यानं डोक्यावर जात नाय, दुसरीनं हात लावावा लागतो. किनाऱ्यावर सगळ्या उभ्या, पण पुढं कोण येईना. वाईट नव्हत्या ग, माझ्याशी काय बोलायचं तेच कुणाला सुचत नव्हतं. मी आपली पाटीशी उभी. तर ती आली."

"कोण?"

"त्याची बायको. त्या तांडेलाची. पदराला पोर होतं तवा. बोलली काय नाय, मी पण नाय. नुसतं खाली वाकून पाटीला हात लावला नि डोक्यावर चढवून दिली. माझ्या डोळ्याला डोळा दिला नाय तिनं. मी ओळखलं, हिला नवऱ्यानं सांगितलेलं दिसतं. आणि तिनं ओळखलं, मला ठाऊक हाय. दुसऱ्या दिवशी परत आली, मंग रोजच. तीन वर्षांनी तो दारूनं गेला. त्यानंतर तिची पाटी भरली तवा मी पुढं झाले. मी बाजार सोडला त्या दिवसापर्यंत माझ्या पाटीला दुसऱ्या कुणाचा हात..."

इथं रखमा थांबली.

तिला कळलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षं तिनं एक नाव दातांखाली धरून ठेवलं होतं; नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला नाही, तापात नाही, कधी झोपेत बरळतानाही ते बाहेर पडलं नव्हतं. आणि आता नाव न घेता तिनं पाटीची गोष्ट सांगितली होती, ती कुणाला? तर ज्या गावात शेंबडं पोरही सांगेल की रखमाच्या पाटीला हात कुणाचा, त्या गावातल्या माणसांना. भाऊ भाऊ भांडले की म्हातारे त्यांना सांगत, जरा रखमा-पारूकडं बघून शिका.

तिनं दाराकडे बघितलं. चंद्रभानच्या हातातलं जाळं मांडीवर पडलं होतं. तो तिच्याकडेच बघत होता. त्याच्या डोळ्यांत तिला आधी नऊ वर्षांचा मुलगा दिसला, आणि मग ती ज्याला आयुष्यभर घाबरली होती तो मिशी फुटलेला पोरगाही दिसला.

"चंदू," ती म्हणाली. "तहान लागली रे."

तो उठला. आत जाऊन त्यानं तांब्या भरला, बाहेर आणून तिच्या हातात दिला, आणि तिचं पिऊन होईपर्यंत तिथंच उभा राहिला. मग तांब्या घेऊन आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो होडीवर गेला. जायचं नव्हतं, पण पाय गेले. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचं काम अर्धं राहिलं होतं आणि रामा आधीच येऊन बसला होता.

"ये, राजमाता," रामा म्हणाला. "गुडघे सुजलेत बघ माझे तुझ्या पोरीपायी. तिला सांग, नाटकातला पोरगा म्हातारा हाय, लवकर उठव."

चंद्रभान हसला नाही. त्यानं हातोडी घेतली आणि त्याच्या शेजारी बसला. रामाचं नाक, कानामागची ती फुगीर शीर, फटीत बघताना एक डोळा बारीक करायची सवय. हे सगळं त्यानं रोज पाहिलं होतं. आज मात्र त्यातून दुसरंच कुणीतरी वर येत होतं, जाळ्याचा दोर हातात धरून 'थांबा' म्हणणारं. हातोडी तळहातात घट्ट होत गेली. तो ठोकायला लागला, आणि जितकं ठोकायला हवं होतं त्याच्यापेक्षा जास्तच ठोकत राहिला.

"फळी फुटंल," रामा म्हणाला. "काय झालं काय तुला?"

"तुझा बाप जाऊन किती वर्षं झाली रे?"

हा प्रश्न तोंडातून कसा गेला ते चंद्रभानला कळलं नाही. रामानं कापसाचा पीळ देता देता हिशेब केला.

"पंचेचाळीस झाली. आज कुठून आठवला तो?"

"असंच."

रामा खालीच बघत म्हणाला, "मला त्याचं तोंड पण नीट आठवत नाय. पण एक आठवतं. शेवटी शेवटी झोपेत ओरडायचा. 'दोर कापा, दोर कापा.' आये उठून त्याला पाणी पाजायची. मी भिऊन तिला चिकटायचो." त्यानं पीळ फटीत दाबला. "कसला दोर ते मला कदी कळलं नाय. आयेला एकदा विचारलं, तर ती बोलली, झोपेत माणूस काय पण बोलतो. तुला ठाऊक हाय का रे? तुझा बाप त्याच्याच होडीवर होता ना?"

समुद्राला ओहोटी होती. खाली चिखलात दोन बगळे उभे होते. चंद्रभानच्या जिभेवर सगळं आलं होतं, खलाशी, नवं जाळं, दातिवऱ्याचा किनारा. सांगायला चार वाक्यंही पुरली असती. रामा हातातला कापूस विसरून त्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि चोपन्न वर्षांच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर, आईला चिकटणारं पोर स्पष्ट दिसत होतं. चंद्रभानला एकदम आपली आई आठवली, सूप पाखडणारी. ती रोज विचारणाऱ्या पोराला रोज एकच उत्तर कशी देत आली असेल, हे त्याला तिथं, हातात हातोडी असताना, पहिल्यांदा समजलं.

"होडीवर दोर काय कमी असतात?" तो म्हणाला. "असंल कुठला तरी. दे तो कापूस इकडं."

नाटकाच्या संध्याकाळी शेड गच्च भरली. मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांना वहीतली अक्षरं दिसेनात, म्हणून पडद्याआडून वाक्यं पुरवायचं काम चंद्रभानकडे आलं. त्याला वहीची गरजच नव्हती, पण मास्तरांच्या समाधानासाठी त्यानं ती उघडून धरली होती. पडद्याला बोटभर भोक होतं. त्यातून त्याला पहिली रांग दिसत होती: उपड्या क्रेटवर रखमा, शेजारी पारू, दोघींच्या मध्ये शेंगदाण्यांची पुडी.

चारुता हिरव्या साडीत उभी राहिली तेव्हा शेडमध्ये कुजबुज झाली. समोर रामा टोप सावरत आला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आईपेक्षा पोरगा थोराड!" आणि सगळे हसले. चारुतानं हसू ओसरू दिलं. तलवार तिनं छातीशी धरली नाही. भरलेलं काहीतरी उचलावं तशी ती दोन हातांवर तोलून धरली होती.

"टेक गुडघे, बाळा," ती म्हणाली, आणि तेही वडिलांसारखं कडाडून नाही. "सोळा वर्षं हे पातं मी माझ्या आसवांनी धुतलं. घे ते, आणि तुझ्या बापाच्या वैऱ्याचं नाव..."

पहिल्या रांगेत पारूनं सवयीनं गुडघे बाजूला घेतले, रखमाला जायला वाट म्हणून.

चारुता गप्प झाली. तिनं रामाकडे बघितलं आणि तशीच उभी राहिली. 'ऐक' आलं नाही, नाव आलं नाही. एक, दोन, तीन, चार. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. पलीकडून मास्तर हातवारे करायला लागले: सांग, सांग तिला. वहीत नाव लाल शाईनं लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून. एकतीस वर्षं चंद्रभाननं ते नाव असं उच्चारलं होतं की पत्रे हादरावेत. आताही त्याला फक्त ओठ हलवायचे होते.

त्यानं वही मिटली.

रामाचा गुडघा मात्र आता बोलायला लागला होता. त्यानं एकदा चारुताकडे, एकदा पडद्याकडे बघितलं. जुना नट तो, असले प्रसंग कितीदा निभावून नेलेला. "कळलं, आई," तो म्हणाला, आणि उठण्यासाठी हात पुढं केला. चारुतानं तलवार खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी त्याला उभं केलं.

चंद्रभाननं भोकाला डोळा लावला. पारूचे गुडघे अजून बाजूलाच होते. रखमा जागची हलली नव्हती.

पुढं सगळं वहीप्रमाणे झालं. घोड्याचं पद झालं, एक विहिरीत गेली, एक विष प्याली, आणि पाचवं मढं पडल्यावर पडदा पडला. मास्तर तरातरा आले.

"नाव का नाही सांगितलंस तिला?"

"आठवलं नाय, मास्तर."

"तुला? एकतीस वर्षांनी?"

"वय झालं," चंद्रभान म्हणाला, आणि वही त्यांच्या हातात देऊन खाली उतरला.

लोक चटया गुंडाळत होते. दोघी म्हाताऱ्या अजून क्रेटवर बसल्या होत्या. गर्दी कमी झाल्याशिवाय त्या कधी उठत नसत. तो आईसमोर उभा राहिला.

"आये, यंदा तहान नाय लागली?"

"नाय लागली." रखमानं पुडीतला शेवटचा दाणा तोंडात टाकला. "पोरीला जमलं."

"आणि मला?"

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. "तू बरं करायचास रे," ती म्हणाली. "पण फार बोलायचास."

चंद्रभानला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम, आणि त्यानं ते पुसायचीही तसदी घेतली नाही. तेवढ्यात शेजारी पारू उठायला लागली. क्रेट बुटका होता, कंबर साथ देईना. तिनं सवयीनं रखमाकडे हात पुढं केला, पण रखमाच्या हातांना आता तिचा भार पेलणारा नव्हता. तो हात तसाच मध्ये राहिला.

चंद्रभान वाकला. त्यानं पारूच्या दोन्ही कोपरांखाली आपले हात घातले.

"थांब, काकी," तो म्हणाला. "मी लावतो हात."

पारूनं मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं रखमाकडे बघितलं, आणि रखमानं फक्त होकाराची मान हलवली, तेव्हा पारूनं आपला सगळा भार त्याच्या हातांवर टाकला.